खरेदीखतातल्या अटी आणि घराची किंमत : कोल्हापुरातल्या एका प्लॉटच्या निमित्तानं

एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. कोल्हापुरातल्या जुन्या कॉलनीत ५,००० चौरस फुटांचा प्लॉट, समोर ९ मीटरचा रस्ता, प्लॉटवर वडिलांनी बांधलेलं १,४०० फुटांचं बैठं घर. १९६७ च्या खुषखरेदीपत्रात चार अटी आहेत. पहिली, जागेत एकाच कुटुंबाचं राहतं घर बांधायचं, तळमजला आणि वर एक मजला. दुकान, खानावळ, कारखाना काढायचा नाही. दुसरी, पूर्वेला, विकणाऱ्याच्या बंगल्याच्या बाजूनं, १० फूट जागा मोकळी ठेवायची. तिसरी, पुढं विकायची झाल्यास आधी ‘आम्हांस वा आमचे वारसांस’ विचारायचं. चौथी, समाजाबाहेर विकायची नाही. आता भाऊ घर स्वतःकडे ठेवून ताईंना त्यांच्या हिश्शाचे पैसे देणार आहे. बँकेच्या व्हॅल्युअरनं अटींपोटी सरसकट १० टक्के वजा केले. एजंट म्हणतो, असल्या जुन्या अटींना कोण विचारतो. भाऊ म्हणतो, अटींमुळं किंमत निम्मीच. ताईंना विचारायचं आहे, यातलं खरं कोणाचं.

ताई, तिघांचंही चुकतंय, आणि चूक एकाच जागी आहे. तिघांनीही चार अटींचा एक गठ्ठा बांधून तो वजनकाट्यावर ठेवला. खरेदीखतातली प्रत्येक अट वेगळी असते. एखादी कायद्यानं मुळातच निर्जीव असते, एखादी जिवंत असूनही बाजारात तिचं वजन शून्य असतं, आणि एखादी एकटीच किंमत खाली ओढते. गेली २७ वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यात मिळकतींचं मूल्यांकन करतोय. ‘अट आहे म्हणून इतके टक्के’ असा कोष्टकातला आकडा मला कुठल्याही नियमात सापडलेला नाही. अटीची किंमत त्या जागेवर काय करता येत नाही यावर ठरते, आणि ते करायला अडवणारा माणूस आज कोण आहे यावर.

म्हणून सुरुवात आकड्यानं करू नका, खतानं करा. मूळ १९६७ चं खत, त्याची नोंदणीकृत नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून, अक्षर न् अक्षर वाचायचं. नंतरच्या खतात किंवा वाटणीपत्रात अट उतरलेली नसली म्हणून ती गेली असं समजू नका. लोक नेहमी इथंच फसतात. समजा, १९६७ च्या खतात अट आहे, १९८८ ला दुसऱ्यानं घेतलं तेव्हा लिहिणाऱ्यानं ‘निर्वेध, निजोखमी, बिनबोजा’ असं छापील वाक्य घातलं आणि अटीचा उल्लेखच गाळला. पण मूळ खत नोंदलेलं असल्यामुळं पुढच्या घेणाऱ्याला त्याची माहिती होती असंच कायदा धरतो. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अशी खासगी अट सहसा दिसत नाही. नुसती मिळकत पत्रिका आणि नकाशा बघून दिलेला अहवाल अशा जागी अर्धवट असतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीचे कितीतरी कागद मोडीत आहेत. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या कामात मोडी वाचणाऱ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय मी पुढं जात नाही. एका वाड्याच्या कागदात ‘बोळाकडील भिंतीस खिडकी पाडू नये’ ही ओळ सापडली आणि मागच्या तीन खोल्यांचा सगळा विचार बदलला.

आता चार अटी एकेक करून घेऊ.

चौथीपासून सुरू करतो, कारण ती लवकर संपते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १० सांगतं की जागा दिली आणि ती पुढं कुणालाही देता येऊ नये असं पूर्ण बंधन घातलं, तर ते बंधन रद्द समजायचं. कलम ११ त्याच्या पुढं जातं. पूर्ण मालकी दिली आणि तिचा उपभोग अमुकच पद्धतीनं घ्या असं लिहिलं, तर घेणारा ते लिहिलंच नाही असं समजून वागू शकतो. दोन व्यक्तींमधल्या साध्या विक्रीत ‘समाजाबाहेर विकू नये’ या ओळीला मी एक रुपयाही वजा करत नाही. अहवालात ओळ जशीच्या तशी उतरवतो, वकिलाचं मत जोडतो, वजाबाकी शून्य. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीची गोष्ट मात्र निराळी. सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात चालू दिला होता. माझ्या मनाला तो निकाल पटत नाही, पण मूल्यांकन करणाऱ्यानं बाजार आहे तसा बघायचा असतो. घेणारे मोजकेच राहिले की भाव पडतो. तुमचं घर संस्थेत नाही, स्वतंत्र खरेदीखतावर आहे, त्यामुळं ही अट बाजूला ठेवा.

तिसरी, आधी विचारण्याची. हिच्यात विकायला बंदी नाही, विचारायचं एवढंच आहे, म्हणून ती पूर्ण बंधनात बसत नाही आणि तिला निर्जीव म्हणून टाकून देता येत नाही. पण बाजारात तिचा भार वेळेचा असतो. विक्री ठरली की वारसांना किंमत लिहून पोचपावतीच्या पोस्टानं कळवायचं, मुदत द्यायची, ‘आम्हांस घ्यायची नाही’ असं लेखी घ्यायचं. वारस सापडत असतील तर महिना-दीड महिना जातो. भाव किती द्यायचा हे अटीत लिहिलंय का, ते बघा. ‘बाजारभावानं’ असेल किंवा काहीच नसेल, तर किंमत हलत नाही. ‘मूळ किमतीस’ असं लिहिलं असेल तर वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका, कारण १९६७ ची किंमत आणि आजची किंमत यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि नुसता दाव्याचा धाक गिऱ्हाइकाला पळवायला पुरतो.

दुसरी, पूर्वेच्या १० फुटांची. ही खरी जिवंत अट, कारण ती शेजारच्या जमिनीच्या फायद्यासाठी आहे. कलम ११ मधली सूट आणि कलम ४० यांचा गाभा हाच: शेजारच्या स्थावराचा उपभोग चांगला राहावा म्हणून घातलेलं ‘हे करू नका’ स्वरूपाचं बंधन, त्याची माहिती असलेल्या पुढच्या खरेदीदारालाही बांधतं. १८४८ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या बागेवरून झालेल्या खटल्यात हे तत्त्व रुजलं, आणि आपल्या १८८२ च्या कायद्यात ते आलं. उजेड-वारा तर वीस वर्षांच्या वहिवाटीनंही मिळतो, इथं तो लिहूनच दिलेला आहे. पण भार मोजताना हे ध्यानात ठेवा की पालिकेच्या नियमानंही बाजूला काही फूट सोडावेच लागतात. त्यामुळं अटीचं ओझं फक्त त्यावरच्या जादा फुटांचं. आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानानं एकूण किती बांधता येईल त्याचं प्रमाण, संपूर्ण प्लॉटवर मोजला जातो, सोडलेल्या पट्ट्यामुळं तो कमी होत नाही. ५० बाय १०० च्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याला ही अट जाणवतही नाही.

राहिली पहिली, ‘एकच राहतं घर, तळ आणि एक मजला’. विकणाऱ्याच्या लगतच्या बंगल्याच्या फायद्यासाठी घातलेली म्हणून हीही जिवंत धरायची. सगळी किंमत इथं अडकली आहे.

आमच्या कामात एक मूळ प्रश्न असतो: या जागेचा सर्वात फायद्याचा वापर कोणता, जो कायद्यानं चालतो, जागेवर बसतो आणि पैशाच्या हिशेबात परवडतो. अट नसती तर काय झालं असतं आणि अट असताना काय होतं, या दोन चित्रांमधलं अंतर म्हणजे अटीचा भार. ही दोन्ही चित्रं खरी काढायची. अंदाजानं टक्के लावणं म्हणजे ती काढायचा कंटाळा.

समजायला सोपे म्हणून आकडे धरतो. ते तुमच्या गल्लीचे भाव नाहीत. अट नसती तर या प्लॉटवर बिल्डर अपार्टमेंट बांधेल आणि जागेला चौरस फुटाला ७,००० रुपये देईल. म्हणजे साडेतीन कोटी. जुनं घर तो पाडणार, त्याची किंमत शून्य. अट असताना गिऱ्हाईक बंगला बांधणारं किंवा आहे त्या घरात राहणारं कुटुंब. पाच हजार फुटांचा प्लॉट फक्त स्वतःला राहायला घेणारी कुटुंबं कोल्हापुरात मोजकीच, त्यामुळं भाव चौरस फुटाला ५,२०० धरला, तर दोन कोटी साठ लाख. पण इथं जुनं घर पाडलं जात नाही, ते वापरात येतं. घसारा काढून त्याचे आठ लाख धरू. एकूण दोन कोटी अडुसष्ट लाख. फरक ब्याऐंशी लाखांचा, म्हणजे साधारण २३ टक्के. बँकेच्या १० टक्क्यांच्या दुपटीहून जास्त आणि भाऊ सांगतो त्या ५० टक्क्यांहून कितीतरी कमी. व्हॅल्युअर मंडळी जुन्या घराची बाजू हमखास विसरतात: अटीमुळं जमिनीचा भाव पडतो, पण त्याच अटीमुळं जुन्या भिंतींना किंमत येते.

हीच अट १,५०० फुटांच्या प्लॉटवर, ६ मीटरच्या गल्लीत असती तर? २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० एफएसआयवर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) चढत नाही. सामासिक अंतरं, जिना, पार्किंग सोडल्यावर तिथं अपार्टमेंट उभंच राहत नाही. अट असो वा नसो, माणूस तिथं घरच बांधणार. दोन्ही चित्रं सारखी, म्हणून भार शून्य. उजळाईवाडीकडं विमानतळामुळं उंचीला आधीच मर्यादा आहे. तिथं खतातल्या मजल्यांच्या अटीचा भार मोजताना विमानतळाची मर्यादा आधी मांडायची, आणि तिच्या खाली उरेल तेवढंच अटीच्या नावावर टाकायचं. पंचगंगेच्या निळ्या पूररेषेत तर नवीन बांधकामच होत नाही, मग तिथल्या खतात ‘दोन मजल्यांहून अधिक बांधू नये’ असलं काय आणि नसलं काय. सरकारी नियम ज्याला आधीच अडवतो, त्याचं ओझं खासगी अटीवर लादायचं नाही.

उलटही होतं. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यासारख्या ठिकाणी छोट्याशा जागेवर ‘दुकान काढू नये’ ही अट असेल तर प्लॉट लहान म्हणून ती हलकी समजू नका. तिथं तळमजल्यावरच्या दुकानाचं भाडं वरच्या दोन मजल्यांच्या भाड्याहून जास्त येतं. तिथं भाड्यावरून किंमत काढायची पद्धत लावा, दोन्ही बाजूंनी, मग फरक स्वच्छ दिसतो.

आता या कामातली सगळ्यात महागडी चूक सांगतो. ती माझ्या हातून झाली आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका बंगल्याचं वाटणीसाठी मूल्यांकन होतं. कॉलनीतले अलीकडचे चार व्यवहार सूची क्रमांक दोनवरून (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सारांशावरून) काढले, सरासरी भाव लावला आणि मग खतात ‘एकच राहतं घर’ अशी अट दिसली म्हणून १५ टक्के वजा केले. पुढं वर्षभरानं त्याच कॉलनीतलं दुसरं काम आलं तेव्हा ते चारही व्यवहार पुन्हा उघडून मूळ खतं वाचली. चारही प्लॉट एकाच जमीनमालकानं पाडलेल्या रेखांकनातले, चौघांच्याही खतात तीच अट. म्हणजे त्या भावात अटीची वजाबाकी आधीच झालेली होती, मी ती दुसऱ्यांदा केली. त्या वाटणीत एका विधवा सुनेला तिच्या हक्कापेक्षा कमी पैसे मिळाले होते. अहवाल दुरुस्त करून मी दोन्ही बाजूंना पाठवला, त्यांच्यात फरकाचा हिशेबही झाला, पण ती गोष्ट मी विसरलो नाही. तुलनेला घेतलेल्या प्रत्येक व्यवहाराचं मूळ खत वाचायचं, ही सवय तेव्हापासूनची. तुमच्या व्हॅल्युअरलाही पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही ज्या विक्रींवरून भाव काढला, त्या प्लॉटांवर ही अट होती का? होती, तर पुढची वजाबाकी चुकीची. नव्हती, तर कॉलनीतला अटीचा एखादा आणि शेजारच्या भागातला बिनअटीचा एखादा व्यवहार समोरासमोर ठेवून फरक दाखवा म्हणा.

याच कॉलन्यांमध्ये अटीची दुसरी बाजूही दिसते. सगळ्या प्लॉटांना एकच अट असली की प्रत्येकाचा हात बांधलेला असतो आणि प्रत्येकाचं अंगणही राखलेलं असतं. समोर सहा मजले उभे राहणार नाहीत, शेजारी लग्नाचा हॉल येणार नाही, ही खात्री विकत घेणारी कुटुंबं असतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्क भागातले बंगले जाऊन तिथं अपार्टमेंट आणि दवाखाने आले. जे बंगले उरले, त्यांच्या अंगणात आता दुपारी सावली कुणाची पडते ते तिथं राहणाऱ्यांना विचारा. ज्या कॉलनीत अट पाळली गेली, तिथं ‘अटीमुळं किंमत घटली’ हे वाक्य तपासल्याशिवाय लिहू नये. मोठ्या प्लॉटचं नुकसान होतं हे खरं, पण लहान प्लॉटवाल्याचा बऱ्याचदा फायदाच होतो.

आता एजंटच्या म्हणण्याकडं. ‘जुन्या अटींना कोण विचारतो’ यात एक कण खरा आहे. ज्याला अट बजावायचा हक्क आहे त्यानं वर्षानुवर्षं उल्लंघन डोळ्यांनी बघून गप्प बसणं पत्करलं असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ४१ प्रमाणं न्यायालय त्याला मनाई हुकूम नाकारू शकतं. कॉलनीतली निम्मी घरं क्लास आणि दवाखाने झाली असतील तर तेही न्यायालयासमोर मांडता येतं. पण दोन घरांपलीकडच्या दाताच्या दवाखान्याला हरकत न घेणारा शेजारी आपल्या खिडकीला लागून सहा मजले उठताना गप्प बसेल असं धरू नका. तुमच्या प्रश्नात लिहिलंय की मूळ विकणाऱ्यांची नातवंडं आजही पूर्वेच्या बंगल्यात राहतात. म्हणजे अट बजावणारा माणूस खिडकीत उभा आहे. महापालिकेनं बांधकाम परवानगी दिली म्हणून खासगी अट उठत नाही, हे बिल्डरला चांगलं माहीत असतं, त्यामुळं तो साडेतीन कोटी देणार नाही. एजंटनं आकडा सांगितलाच तर त्याला म्हणा, तेवढ्याच आकड्याचा, अटीचा उल्लेख असलेला लेखी प्रस्ताव आणून दाखव.

मग ‘अट सोडवून घेऊ’ या आशेला किती किंमत द्यायची? हेही हिशेबात बसवता येतं. शेजाऱ्यांकडून नोंदणीकृत दस्तानं अट सोडवून घ्यायला, त्यांना द्यायचे पैसे, मुद्रांक, वकील धरून चाळीस लाख खर्च आणि दोन वर्षं लागतील असं धरा. साडेतीन कोटीतून चाळीस लाख गेले, तीन कोटी दहा लाख राहिले, तेही दोन वर्षांनी. वर्षाला १२ टक्के व्याज धरून मागं मोजत त्याची आजची किंमत काढली तर साधारण दोन कोटी सत्तेचाळीस लाख. मधल्या काळातलं भाडं सात लाख मिळवलं तरी दोन कोटी चौपन्न. आणि अट असतानाच जागा आज दोन कोटी अडुसष्टला जाते! म्हणजे या आकड्यांत आशेची किंमत शून्य. शेजारी आपणहून कमी पैशांत, सहा महिन्यांत सही देणार असतील तर हिशेब पालटतो. म्हणून त्यांच्याशी बोलल्याशिवाय, नुसत्या अंदाजावर आशेचा आकडा अहवालात येता कामा नये.

आता थोडं तुमच्या प्रश्नाबाहेरचं, कारण खरेदीखतातली अट आणि सरकारची अट यांची लोक नेहमी गल्लत करतात. मिळकत पत्रिकेवर सत्ताप्रकार ‘ब’ असेल, सातबारावर भोगवटादार वर्ग-२ असेल, कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल, तर तिथं अट घालणारं शासन आहे. तिथं ‘शेजारी गप्प बसला’ हा बचाव चालत नाही. परवानगी नसेल तर व्यवहारच अडतो. पण मोजायला ही अट सोपी. शासनानं २०१९ मध्ये वर्ग-२ आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग-१, म्हणजे बंधनमुक्त, करून देण्याचे नियम केले, त्यात भरायची रक्कम वार्षिक दर तक्त्यातल्या (रेडी रेकनरमधल्या) किमतीच्या ठरावीक टक्क्यांत ठरते. त्यामुळं किंमत अशी काढायची: मोकळ्या जागेचा बाजारभाव, त्यातून रूपांतराची रक्कम वजा, त्यातून खर्च आणि वेळेची किंमत वजा. रक्कम रेडी रेकनरच्या किमतीवर काढायची आणि वजा करायची बाजारभावातून. दोन्ही एकाच आकड्यावर करणारे अहवाल मी बघितलेत, ते चुकीचे आहेत. टक्के मुदतीप्रमाणं बदलत आलेत, त्यामुळं मूल्यांकनाच्या तारखेचा दर जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्यायचा. आणि देवस्थान इनामाची जागा असेल तर तिथं सरळ थांबायचं. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत तीन हजारांहून अधिक देवस्थानं आहेत, त्यांच्या जमिनींवर घरं उभी आहेत, पण त्या जमिनीची मालकी धरून बाजारभाव लिहिणं मला मान्य नाही. बांधकामाची किंमत लिहितो, जमिनीच्या पुढं कारण लिहितो.

आणखी एक प्रकार हल्ली वाढलाय: आई-वडील मुलाला घर बक्षीसपत्रानं देतात आणि ‘आम्हांस तहहयात राहण्याचा हक्क’ असं लिहून घेतात. चांगलंच करतात. पण त्या घराची किंमत काढताना दोन टोकं दिसतात. एक व्हॅल्युअर आईचा हक्क बघतच नाही, दुसरा इतका बघतो की किंमत निम्म्याहूनही खाली येते. घर एक कोटीचं, आई ७२ वर्षांच्या, ताबा १२ वर्षांनी मिळेल असं धरा. बारा वर्षांनंतरच्या त्या एक कोटीची आजची किंमत वर्षाला ८ टक्क्यांनी मागं मोजून काढली तर चाळीस लाखांच्या आत किंमत येते. पण १२ वर्षं घराचा भाव गोठून राहणार आहे का? भाव वर्षाला ५ टक्के वाढेल असं धरलं तर तेच घर आज एकाहत्तर लाखांच्या आसपास बसतं. वाढ धरायची की नाही, किती धरायची, ते अहवालात उघड लिहिलं पाहिजे. शिवाय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर सांभाळ न केल्यास परत जाऊ शकतं. बँक अशा घरावर कर्ज देताना आईची सही मागते ती याचसाठी, आणि त्यात काही गैर नाही.

तुमच्या कामाकडं परत येतो. मूल्यांकन कशासाठी हे अहवालाच्या पहिल्या पानावर हवं, कारण अट तीच असली तरी आकडा त्यावर बदलतो. बँक बघते की कर्ज बुडालं तर लवकर विकून काय मिळेल. मुद्रांकासाठी रेडी रेकनर चालतो आणि त्यात तुमच्या खतातल्या अटीला रकानाच नाही; फरक मोठा असेल तर दस्त करण्याआधी मुद्रांक कायद्याच्या कलम ३१ खाली अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक किती लागेल याचा अधिकाऱ्याचा आधीच निर्णय, मागता येतो. पण रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच सांगितलंय की मुद्रांकासाठी केलेल्या मूल्यनोंदवहीवरून भूसंपादनाचा बाजारभाव ठरवता येत नाही. भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत काढायची असेल तर अटीचा भारही त्या दिवशीचा धरायचा, आजचा नाही. आणि वाटणीसाठी, जे तुमचं काम आहे, आजचा खुला बाजारभाव, अटीसह. बँकेसाठी केलेला अहवाल वाटणीला वापरू नका, त्याचा हेतूच वेगळा.

व्हॅल्युअरकडून दोन आकडे मागा: अट धरून किती, अट नसती तर किती, आणि दोन्हींच्या मागची खतं. पूर्वेच्या बंगल्यातल्या मंडळींना एकदा भेटा, तुम्ही आणि भाऊ दोघं मिळून. अट सोडण्याबद्दल त्यांचं मन काय आहे ते कळू द्या. ते व्हॅल्युअरला सांगा.

आणि एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक वाटणीच्या कामात सांगतो. भाऊ आज अटीसहच्या किमतीवर तुमचा हिस्सा घेणार, हे न्याय्य आहे, कारण आज जागा तेवढ्याचीच आहे. पण चार वर्षांनी त्यानं शेजाऱ्यांकडून अट सोडवून घेतली आणि प्लॉट बिल्डरला दिला, तर ब्याऐंशी लाखांचा तो फरक एकट्याच्या खिशात जाईल. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी वकिलाकडून एक वेगळा करार करून घ्या: अमुक वर्षांच्या आत पहिली अट उठली आणि जागा विकली किंवा विकसनाला दिली, तर खर्च वजा जाता वाढलेल्या किमतीत तुमचा हिस्सा तुम्हाला मिळेल. सात वर्षांची मुदत बहुतेक भावंडांना पटते. भाऊ खरोखर राहण्यासाठीच घर ठेवणार असेल, तर या कागदावर सही करताना त्याला काहीच जड जाणार नाही.